त्या रात्री वादळ नव्हते : मॉरिशसचा समुद्र, इतिहास आणि साहित्य

समुद्रावरचे वादळ ही साहित्याला नेहमीच सोयीची गोष्ट वाटत आली आहे. कथानकाची गाठ सुटेनाशी झाली, की लेखक आकाश काळवंडून टाकतो, शिडे फाडतो, आणि पात्रांना एक तर बुडवतो किंवा अनोळखी किनाऱ्यावर नेऊन ठेवतो. वादळाला कोणी जाब विचारत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र जाब विचारावाच लागतो. जहाज बुडाले तेव्हा वारा कोणत्या दिशेचा होता, समुद्र कसा होता, निर्णय कोणी घेतला, तळघरात कोण होते, हे प्रश्न टाळून त्याला पुढे जाता येत नाही. साहित्यातील वादळ आणि इतिहासातील वादळ यांच्यातील हे अंतर नेमके कशाने पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात एका बेटाच्या आधारे करण्याचा आमचा मानस आहे. हे बेट म्हणजे मॉरिशस. मराठी वाचकाला ते सर्वस्वी परके नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तेथे आजही राहतात, गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातल्या जाखडीची बहीण शोभावी अशी 'झाकरी' तेथे नाचली जाते.

बेट आणि त्याचा समुद्र

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला सुमारे आठशे किलोमीटरवर हे बेट आहे. ते ज्वालामुखीतून वर आले आणि त्याच्या बहुतेक किनाऱ्याभोवती प्रवाळाच्या खडकांची भिंत वाढली. भिंतीच्या आत उथळ, शांत, हिरवट पाणी असते. बाहेर खोल समुद्र एकसारखा आदळत राहतो. आत शिरायच्या वाटा मोजक्याच. त्यामुळे या बेटावर पोहोचणाऱ्या दर्यावर्दीपुढे दोन वेगवेगळी संकटे उभी असत. एक होते उन्हाळी चक्रीवादळाचे, जे साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल-मे या काळात येते. दुसरे या खडकांचे, जे बाराही महिने तिथेच असते. ही दोन संकटे वेगळी आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे; आमच्या पुढच्या विवेचनाचा सारा भार या भेदावर आहे.

युरोपीयांनी या समुद्राची ओळख जबर किंमत मोजून करून घेतली. डच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर-जनरल पीटर बोथ मायदेशी परतत असताना १६१५ मध्ये याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाला. बेटावरील एका डोंगराला आज त्याचे नाव आहे. डचांनी तेथे दोनदा वसाहत केली आणि दोनदा ती सोडली. १७१० मध्ये ते कायमचे निघून गेले, त्यामागच्या अनेक कारणांत पिके आणि घरे उद्ध्वस्त करणारी चक्रीवादळेही होती. त्यानंतर फ्रेंच आले, त्यांनी बेटाचे नाव 'इल द फ्रान्स' ठेवले, आणि १७३५ पासून माए द ला बुर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई बंदराला आकार दिला. ऊस आणि गुलाम या दोन पायांवर बेटाचे अर्थकारण उभे राहू लागले.

'सँ-जेराँ'ची रात्र

ला बुर्दोने याच्याच कारकिर्दीत, १७४४ च्या मार्चमध्ये, फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचे 'सँ-जेराँ' हे जहाज लोरियाँ बंदरातून निघाले. त्यावर साखरेच्या कारखान्याची यंत्रसामग्री होती, चांदीची नाणी होती, प्रवासी होते. वाटेत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोरे येथे तीसेक गुलाम चढवण्यात आले. प्रवास लांबला, खलाशी आजारी पडले, अनेक दगावले. १७ ऑगस्टच्या दुपारी बेटाच्या उत्तरेकडील लहान बेटे दृष्टीस पडली. रात्रीच बंदराच्या दिशेने जावे की उजाडेपर्यंत थांबावे, यावर अधिकाऱ्यांत खल झाला आणि थांबायचे ठरले. जहाज मात्र थांबले नाही. ते लाटांबरोबर हळूहळू किनाऱ्याकडे सरकत राहिले आणि १८ ऑगस्टच्या पहाटेपूर्वी, 'इल दाँब्र' या लहानशा बेटाजवळ प्रवाळभिंतीवर आदळले. डोलकाठ्या कोसळल्या, होड्या चिरडल्या, आणि जहाजाचा कणा मोडला. सुमारे दोनशे माणसांपैकी अवघी नऊ जिवंत किनाऱ्याला लागली.

वाचलेल्यांच्या जबान्या बेटावरच्या अधिकाऱ्यांनी नोंदवून घेतल्या. या जबान्या म्हणजे अठराव्या शतकातील समुद्री जीवनाचा एक विलक्षण दस्तऐवज आहे. एदमे कारे या खलाशांच्या मुकादमाने कप्तान देलामार याला कपडे उतरवण्याची विनंती केली, कारण अंगावरचे भिजलेले जड कपडे माणसाला खाली ओढतात. कप्तानाने नकार दिला. आपल्या हुद्द्याच्या माणसाने उघड्या अंगाने किनाऱ्याला लागणे शोभणार नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. कप्तान वाचला नाही. जहाजावर दोन तरुण मुलीही होत्या, मादमोझेल माले आणि मादमोझेल काय्यू. त्यांच्यापाशी अखेरपर्यंत थांबलेल्या तरुणांचा उल्लेख जबान्यांत आहे. त्यांतला एक तर पाण्यात उतरण्याच्या बेतात असताना पुन्हा वर चढून आपल्या प्रिय व्यक्तीजवळ गेला.

आता एक साधी गोष्ट पाहू. ऑगस्ट हा दक्षिण गोलार्धातला हिवाळा. त्या महिन्यात मॉरिशसला चक्रीवादळ येत नाही. आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे त्या दिवसांत जोरकस असतात, समुद्र खवळलेला असतो, खडकांवर लाटा फुटत असतात, हे खरे. परंतु त्या रात्री तुफान नव्हते. जहाज बुडाले ते रोगराईने क्षीण झालेल्या खलाशांमुळे, अनोळखी किनाऱ्यामुळे आणि एका चुकीच्या निर्णयामुळे.

कादंबरीतील डिसेंबर

या घटनेनंतर चोवीस वर्षांनी, १७६८ मध्ये, बेर्नार्दँ द सँ-पिएर हा तरुण अभियंता बेटावर आला. दोनेक वर्षे तो तेथे राहिला. १७७३ मध्ये त्याने प्रवासवर्णन प्रसिद्ध केले, ज्यात गुलामांच्या हालअपेष्टांचे चित्रण होते. आणि १७८८ मध्ये, आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या एका खंडाचा भाग म्हणून, त्याने 'पॉल ए व्हिर्जिनी' ही छोटी कादंबरी प्रकाशित केली. दोन मातांच्या छायेत, निसर्गाच्या कुशीत वाढलेली दोन मुले. मुलीला फ्रान्सला पाठवले जाते. ती परत येते ती 'सँ-जेराँ'वरून. आणि किनाऱ्यावर उभ्या असलेल्या पॉलच्या डोळ्यांदेखत बुडते. या कथेने युरोपला रडवले. हेलन मारिया विल्यम्स हिने केलेला इंग्रजी अनुवाद १७९५ मध्ये आला, आणि पुढच्या शतकभर ती शेकडो आवृत्त्यांतून, चित्रांतून, संगीतिकांतून फिरत राहिली.

बेर्नार्दँने इतिहासात केलेले बदल आम्हांस फार बोलके वाटतात. पहिला बदल तिथीचा. ऑगस्टमधले जहाज त्याने डिसेंबरच्या २४-२५ तारखांना आणले. त्यामागचे कारण उघड आहे: त्याला चक्रीवादळ हवे होते, आणि चक्रीवादळ हवे असेल तर उन्हाळा हवा. दोन वर्षे बेटावर राहिलेल्या लेखकाला तिथले ऋतू ठाऊक होते, म्हणून वादळ आणण्याआधी त्याने कॅलेंडर बदलले. वास्तववादाचा हा एक चमत्कारिक प्रकार आहे. घटना खोटी, पण हवामान अचूक.

दुसरा बदल अधिक खोल आहे. कादंबरीत एक खलाशी व्हिर्जिनीला वस्त्रे उतरवण्याची विनवणी करतो. ती नकार देते, एक हात वस्त्रावर आणि एक हृदयावर ठेवून मृत्यूला सामोरी जाते. हा नकार इतिहासात आहे, परंतु तो एका प्रौढ पुरुषाचा, कप्तानाचा आहे. त्यात हुद्द्याचा अभिमान आहे, वर्गीय प्रतिष्ठेचा हट्ट आहे, थोडेसे हास्यास्पदही काही आहे. बेर्नार्दँने तो नकार उचलून एका मुलीच्या देहावर ठेवला आणि प्रतिष्ठेचे शील झाले. पुरुषाच्या बाबतीत जे अट्टहास ठरले असते, तेच स्त्रीच्या बाबतीत हौतात्म्य ठरले. शीलासाठी प्राण देणाऱ्या नायिकांची परंपरा ज्यांनी आपल्या भाषेत वाचली आणि शिकवली आहे, त्यांना या रूपांतराचे मर्म वेगळे उलगडून सांगायला नको.

तिसरा बदल म्हणजे एक अनुपस्थिती. कादंबरीच्या पूर्वार्धात पळून आलेल्या एका गुलाम स्त्रीची करुण कथा येते. लेखकाला गुलामगिरीचा विसर पडलेला नाही. मात्र शेवटच्या दृश्यात, फुटणाऱ्या जहाजावर, गोरेहून चढवलेल्या त्या तीसेक माणसांना जागा नाही. सर्वांची नजर नाळेपासून पिछाडीपर्यंत फिरते आणि एकाच श्वेतवस्त्रा आकृतीवर स्थिरावते. शोकांतिकेला एक चेहरा लागतो, हे कलेच्या दृष्टीने रास्त आहे. प्रश्न इतकाच, की तो चेहरा उजळला की उरलेले चेहरे अंधारात जातात.

आणि या तिन्ही बदलांच्या मुळाशी एक चौथा बदल आहे. वादळ आल्यामुळे चूक कोणाचीच राहत नाही. आजारी खलाशी, रात्रीची चर्चा, सरकत राहिलेले जहाज, हे सारे पुसले जाते. उरते ती नियती. ईश्वरी योजनेवर श्रद्धा असलेल्या लेखकाला ती हवीच होती.

वादळाला आकार येतो

साहित्यिक ज्या वादळाला नियती म्हणत होते, त्याला एकोणिसाव्या शतकात आकार सापडला, आणि त्यातही मॉरिशसच्या समुद्राचा वाटा आहे. १८४५ च्या फेब्रुवारीत 'चार्ल्स हेडल' नावाचे एक जहाज बेटाजवळ वादळात सापडले. कप्तानाने शिडे आवरून वाऱ्यापुढे धावण्याचा मार्ग धरला. सुमारे पाच दिवस जहाज धावत राहिले आणि वाऱ्याची दिशा पुनःपुन्हा सगळे होकायंत्र फिरून येत राहिली. प्रचंड अंतर कापूनही ते प्रत्यक्षात फारसे दूर गेलेच नव्हते. ते वादळाच्या केंद्राभोवती गोल गोल फिरत होते. कोलकात्यात सागरी अपघातांच्या चौकशीचे काम पाहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन याने या जहाजाच्या नोंदवहीचा अभ्यास केला. ग्रीक भाषेतील वर्तुळवाचक, सापाच्या वेटोळ्याची आठवण देणाऱ्या शब्दावरून 'सायक्लोन' हा शब्द त्यानेच घडवला, आणि १८४८ च्या त्याच्या पुस्तकाने तो जगभरच्या खलाशांच्या तोंडी रुळला. पुस्तकासोबत शिंगापासून बनवलेले पारदर्शक पत्रे होते. नकाशावर ते ठेवून वादळाचे केंद्र कोठे असेल, याचा अंदाज कप्तानाने बांधायचा. आपल्या मराठीतला 'चक्रीवादळ' हा शब्द 'वादळ', 'तुफान', 'झंझावात' या जुन्या शब्दांहून वेगळा आहे तो याच अर्थाने. जुने शब्द वाऱ्याचा जोर सांगतात, हा त्याची रचना सांगतो.

पोर्ट लुईत १८५१ मध्ये हवामानाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्यांमधून वारा, वायुभार आणि समुद्र यांची माहिती उतरवून घेण्याचे काम तिने सुरू केले. तिचा प्राण होता चार्ल्स मेल्ड्रम. पुढे पांपलमूस येथे उभ्या राहिलेल्या रॉयल आल्फ्रेड वेधशाळेचा तो प्रमुख झाला. सूर्यावरील डाग आणि हिंदी महासागरातील चक्रीवादळे यांच्या संख्येत संबंध असावा, असे प्रतिपादन त्याने १८७२ मध्ये केले होते. योगायोग असा, की याच पांपलमूस गावात पॉल आणि व्हिर्जिनी यांच्या तथाकथित समाध्या प्रवाशांना दाखवल्या जात. एकाच गावात कधीही न जगलेल्या प्रेमिकांची थडगी आणि वायुभारमापक. १८९६ मध्ये येथे येऊन गेलेल्या मार्क ट्वेनने, न घडलेल्या घटनेवर पोसलेल्या या कीर्तीची यथेच्छ टिंगल केली आहे.

२९ एप्रिल १८९२

नोंदींचे शास्त्र मागच्या अनुभवावर उभे असते. तोपर्यंतच्या नोंदींत एप्रिलच्या मध्यानंतर बेटावर मोठे चक्रीवादळ आल्याचे उदाहरण नव्हते. १८९२ च्या एप्रिलअखेर वायुभार घसरू लागला, तेव्हा ऋतू संपला अशीच सर्वांची समजूत होती. २९ तारखेला वादळाचे केंद्र बेटावरून गेले. दुपारी वारा अचानक पडला. चक्रीवादळाच्या 'डोळ्या'तली ही शांतता फसवी असते. लोक घराबाहेर पडतात, जखमींना शोधतात, छपराचे पत्रे गोळा करतात. मग विरुद्ध दिशेने दुसरा मारा येतो. पोर्ट लुईचा मोठा भाग त्या दुसऱ्या माऱ्यात जमीनदोस्त झाला. सुमारे बाराशे माणसे मेली.

या वेळी बेटाच्या लोकसंख्येत सुमारे दोन तृतीयांश भारतीय वंशाचे लोक होते. १८३४ पासून करारावर आणलेले हे मजूर उसाच्या मळ्यांवरील वस्त्यांत राहत. बहुसंख्य बिहार आणि दक्षिणेकडचे; मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक त्यांत अल्पसंख्य. मुंबईहून चढले म्हणून त्यांच्या जातकुळीला बेटावरच्या बोलीत 'बोंबाय' असेच नाव पडले. रत्नागिरीच्या माणसाला समुद्राचे एक पंचांग पाठ असते: मृगाआधी होड्या किनाऱ्याला ओढायच्या, आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा दर्यात लोटायच्या. मॉरिशसला हे पंचांग उलटे होते. श्रावण कोरडा आणि थंड, तर पौष-माघ-फाल्गुन भयाचे. सणांचे महिने तेच राहिले, परंतु त्यांच्यावरचे आकाश बदलले. स्थलांतराचा अर्थ याहून नेमका कसा सांगता येईल, आम्हांस सुचत नाही.

१८९२ च्या वादळालाही कादंबरी लाभली, मात्र त्यासाठी त्र्याण्णव वर्षे जावी लागली. ज्यांचे पूर्वज मॉरिशसचे, त्या ले क्लेझिओ यांची 'ल शेर्शर दॉर' १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. आलेक्सी आणि त्याची बहीण लोर यांचे समुद्रकाठचे बालपण या वादळात संपते. वीजनिर्मितीचे स्वप्न पाहणाऱ्या वडिलांची यंत्रे मोडतात, कर्जाचा डोंगर उरतो, घर सुटते. बेर्नार्दँच्या वादळाशी याची तुलना करून पाहावी. तिथे वादळ कथा संपवते. इथे ते कथा सुरू करते. तिथे ते निष्पापांना स्वर्गात नेते; इथे ते माणसांना कर्जात, कचेरीत, भाड्याच्या घरात नेते. वादळानंतरचा दिवस हा विषय साहित्यात येण्यासाठी जणू दोन शतके लागली. आणि तरीही ही कथा मळेमालकांच्या वर्गातून घसरलेल्या एका कुटुंबाची आहे. मजुरांच्या बाजूने लिहिणारी 'लाल पसीना' ही अभिमन्यू अनत यांची हिंदी कादंबरी १९७७ ची. ती बेटाचा तोच इतिहास दुसऱ्या टोकापासून वाचते. या तीन कादंबऱ्या शेजारी ठेवून शिकवल्या, तर एकाच भूमीला किती इतिहास असतात, हे विद्यार्थ्यांना व्याख्यानाविना कळेल.

नाव, भिंती आणि मोजदाद

१९६० च्या जानेवारीपासून या समुद्रातील वादळांना नावे देण्यास सुरुवात झाली. पहिले 'अलिक्स'. त्याच्या तडाख्यातून बेट सावरते न सावरते तोच फेब्रुवारीच्या अखेरीस 'कॅरोल' आले. ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले, उसाचे अतोनात नुकसान झाले, गवती छपरांची आणि लाकडी घरे हजारोंनी पडली. मृतांची संख्या मात्र चाळिशीच्या घरात राहिली. १८९२ चे बाराशे आणि १९६० चे चाळीस-बेचाळीस, या दोन आकड्यांमधला फरक वाऱ्याच्या दयेचा नाही. तो वेधशाळा, तार, रेडिओ आणि पूर्वसूचना यांचा आहे. 'कॅरोल'नंतर सरकारने सिमेंटच्या घरांच्या वसाहती उभारल्या आणि बेटाचा चेहरामोहराच बदलला. १९७५ च्या 'जेर्वेज'मध्ये झोतांचा वेग त्याहून अधिक होता, बळी त्याहून कमी.

म्हणजे संकट निसर्गाचे असले, तरी आपत्ती माणसांची असते. कोण कोणत्या घरात राहतो, कोणाला सूचना मिळते, आणि कोणाची गणना होते, यावर तिचे स्वरूप ठरते. जानेवारी २०२४ मध्ये 'बेलाल' वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या, तेव्हा लोकांनी नियतीला बोल लावला नाही. धोक्याचा इशारा वेळेवर का वाढवला नाही, असा प्रश्न त्यांनी विचारला, आणि हवामान खात्याच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'चिडो'ने मायोत बेटावरच्या झोपडवस्त्या भुईसपाट केल्या. तिथे कागदपत्रांविना राहणारे स्थलांतरित इतके होते, की मृतांचा आकडा हाच वादाचा विषय झाला. 'सँ-जेराँ'च्या तळघरातील प्रश्न अडीचशेहून अधिक वर्षांनी पुन्हा वर आला होता.

'सँ-जेराँ'चे अवशेष १९६६ मध्ये पाणबुड्यांना सापडले. त्याची घंटा आज माएबूर येथील संग्रहालयात आहे. आम्हांस वाटते, ती घंटा आणि ती कादंबरी यांतून एकाची निवड करण्याचे कारण नाही. 'पॉल ए व्हिर्जिनी' नसती, तर त्या नऊ जणांच्या जबान्या कोणी इतक्या आस्थेने वाचल्या असत्या का, याची शंकाच आहे. कल्पिताने इतिहासाला वाचक मिळवून दिला, हे ऋण मान्य केले पाहिजे. पण ऋण मान्य करूनही वाचकाचे काम उरतेच. पुस्तकात वादळ उठले, की आपण क्षणभर थांबून तो महिना कोणता आहे, हे पाहावे. पुष्कळदा असे आढळेल, की त्या रात्री वादळ नव्हते. माणसे होती, आणि त्यांनी काही ठरवले होते.